येथे खेळू नये (भावनिक विकास चालू आहे)

मागच्या रविवारी 1200 रुपये भरून मी एक प्रमाणपत्र मिळवलं. जाड कागद, सोनेरी किनार. मुलांची भावनिक वाढ, कौटुंबिक नातेसंबंध आणि सर्वसमावेशक समाज या विषयावरची चार तासांची कार्यशाळा प्रस्तुत पालकाने यशस्वीरीत्या पूर्ण केली आहे, असं त्यावर छापलंय. यशस्वीरीत्या म्हणजे मी मधल्या चहाला पळून गेलो नाही. कार्यशाळा आमच्याच सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये होती, पुण्यात सिंहगड रोडला, आणि दारावर सेलोटेपने कागद चिकटवला होता: 'कृपया लहान मुलांना आत आणू नये. लक्ष विचलित होते.'

तर आता मी प्रमाणित आहे. तुम्ही कशाला 1200 रुपये घालवता? मी सांगतो, ऐका. (चहा-पोहे तेवढे तुमचे तुम्ही करून घ्या. तिथले पोहे तसेही गार होते.)

आधी, मुलांना वेळ द्या. रोज अर्धा तास, पूर्ण लक्ष देऊन. त्या अर्ध्या तासात फोन टेबलावर उलटा ठेवायचा. बंद करायचा नाही, उलटा. थरथरला की मुलाकडे बघत बघतच हात तिकडे न्यायचा. सरावाने जमतं.

आजी-आजोबांचा सहवास फार आवश्यक असतो, म्हणून रविवारी व्हिडिओ कॉल करा. आजी पिंपळे सौदागरला, आपण इकडे. रविवारी संध्याकाळी हे अंतर कापायचं धाडस करावं कुणी? त्यापेक्षा न्यू जर्सीवाले जास्त वेळा भेटतात.

मूल रडलं की त्याच्या भावनेला नाव द्यायला शिकवा. आम्हाला एक रंगीत भावनाचक्र दिलं होतं, फ्रीजवर लावायला. एका ताईंनी मधल्या सुट्टीतच प्रयोग केला. त्यांचा मुलगा जिन्यात पडून गुडघा फोडून आला होता. त्या खाली वाकल्या, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आल्या, आणि विचारलं, "तुला आत्ता राग आलाय, की निराश वाटतंय?"

तो म्हणाला, "रक्त येतंय."

मुलांना खरं बोलायला शिकवा. बेल वाजल्यावर 'बाबा घरी नाहीत' सांगणं यात धरत नाहीत.

मग स्क्रीनचा विषय. तज्ज्ञ बाईंनी जागतिक आरोग्य संघटनेची 2019 सालची सूचना पडद्यावर दाखवली: वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाभराहून जास्त नको. आम्ही सगळ्यांनी तिचा फोटो काढला. मी माझा बायकोला पाठवला. लगेच अंगठा आला. तो माझ्या मुलीचा होता, कारण बायकोचा फोन तिच्याकडे होता आणि ती काचेबाहेर चपलांच्या ढिगाशेजारी बसली होती, आणखी आठ जणांबरोबर. आत आणायची नाहीत, खाली सोडायची नाहीत, मग करणार काय?

खाली का सोडायची नाहीत, तेही सांगतो. हाही सल्लाच समजा.

खेळातून मूल हरायला शिकतं, आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकतं, रुसून गेल्यावर आपणहून परत यायला शिकतं. हे तज्ज्ञ बाई म्हणाल्या आणि अगदी बरोबर म्हणाल्या, त्यांच्याशी माझं भांडण नाही. खेळ हा मुलाचा हक्क असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या 1989च्या बालहक्क संहितेचं 31वं कलम सांगतं, आणि भारताने ती 1992 साली स्वीकारली. आमच्या गेटवर वॉचमनने तिला अजून आत सोडलेलं नाही. आमच्याकडे पाट्या आहेत. 'येथे खेळू नये.' 'बॉल गाडीस लागल्यास जप्त करण्यात येईल व परत मिळणार नाही.' आणि बागेत, 'हिरवळ पाहण्यासाठी आहे.' पार्किंगच्या कोपऱ्यात एक पांढरी गाडी दोन वर्षं कव्हर घालून उभी आहे. चारही टायरांत हवा नाही, कव्हरवर मांजरं व्यायली. तिला कुणी कधी चालवलेलं पाहिलं नाही, पण तिला प्लास्टिकचा बॉल लागला तर एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, अर्धा तास चर्चा होते. मेंटेनन्सवर होत नाही एवढी.

तिकडे बोर्डी-कोसबाडकडची मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी हा शब्द मिळाला. 2 ऑक्टोबर 1975ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्याबरोबर हा शब्द देशभर गेला. म्हणजे मुलांना अंगण लागतं, हे देशाने आपल्याकडून घेतलं. आणि आपण आपलं अंगण गेस्ट पार्किंगला दिलं. गेस्टलाही मिळत नाही, तो भाग वेगळा.

आता मुख्य सल्ला. सर्वसमावेशक समाज कसा घडवावा?

सोपं आहे. ज्याला घ्यायचं नसेल त्याला 'तुझ्याच भल्यासाठी' म्हणायचं.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा चिकू आमच्याच इमारतीत, दोन मजले खाली राहतो. 9 वर्षांचा आहे. स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. बोलतो कमी, पण पीएमपीच्या बसचे नंबर आणि त्या कुठून कुठे जातात ते त्याला पाठ आहे, आणि पाहुणा आला की तो आधी कुठल्या बसने आलात ते विचारतो. मिक्सर लागला की कानांवर हात. कुकरच्या शिटीला कानांवर हात. नदीकाठी ढोल पथकांचा सराव सुरू झाला की बहीण पुढचे दोन महिने संध्याकाळी खिडक्या लावून बसते. पण झांज मात्र त्याला आवडते. स्वतःच्या हातातली. हात त्याचाच असल्यामुळे आवाज कधी येणार हे त्याला आधी कळतं, मग दचकायला होत नाही. बहिणीने हे कुठल्या कार्यशाळेत शोधलं नाही, वर्षभर त्याच्याकडे बघत बसून शोधलं.

तर सोसायटीच्या गणपतीत पाचव्या दिवशी मुलांचा कार्यक्रम असतो आणि सुरुवातीला मुलंच आरती म्हणतात. माझ्या मुलीने 15 दिवस त्याच्याबरोबर सराव केला. कडव्यांना तो पक्का ठेका धरतो, पण ध्रुवपद आलं की थांबतो. का थांबतो, देव जाणे. मग मुलगी त्याच्या मनगटावर दोन बोटं टेकवते आणि तो पुन्हा सुरू होतो. ही युक्ती तिची तिने काढली. दोघांनी मिळून एकदाही न अडता आरती पूर्ण केली त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये आम्ही पेढे वाटले, म्हणजे चितळ्यांकडून आणून.

आदल्या रात्री कमिटीतल्या एका काकूंचा बहिणीला फोन आला. "अगं, वाईट वाटून घेऊ नकोस हं. त्याच्याच भल्यासाठी सांगतेय. गर्दी असते, लाइट असतात, आवाज असतो, त्याला त्रास होईल गं. आणि यंदा व्हिडिओ पण काढायचाय. पुढच्या वर्षी नक्की बघू."

पुढच्या वर्षी! हे तिसरं 'पुढच्या वर्षी' आहे. गणपतीलाही आपण हेच सांगतो, पण त्याला निदान लवकर या म्हणतो, आणि तो आला की पुढे बसवतो.

आवाजाचा त्रास होईल, हे या लोकांना कळलं होतं बरं का. तरीही विसर्जनाला गेटशी माणसाच्या उंचीचे स्पीकर होतेच. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा 2000 सालच्या नियमात लिहिलेली आहे. आमच्याकडे तर माझ्या स्वयंपाकघरातली भांडी आपापली वाजत होती. स्पीकरचं बटण डावीकडेही फिरतं, हे एकाही इंजिनिअरला सुचलं नाही, आणि आमच्या सोसायटीत दर तिसऱ्या घरात इंजिनिअर आहे. आवाज कमी करता आला असता. त्यांनी पोरगंच कमी केलं.

टिळकांनी 1893 साली गणपती सार्वजनिक केला. (भाऊसाहेब रंगारींनी 1892 साली आधी केला, हा वाद इथे काढू नका, पुण्यात आहोत, रात्र सरेल.) कुणीही केलेला असो, शब्द सार्वजनिक असा आहे. आमच्या कमिटीला त्याचा अर्थ वर्गणी सार्वजनिक एवढाच लागला. वर्गणी मागायला चिकूच्या दारावर बरोबर आले होते. तिथे गर्दी, लाइट, आवाज काही आड आलं नाही.

आणि चिकूला 'पुढच्या वर्षी' कळत नाही. त्याला शुक्रवार कळतो. शुक्रवारी सहा वाजता त्याने आपला पिवळा कुर्ता घातला, झांज घेतली आणि लिफ्टपाशी उभा राहिला. बहिणीने त्याला शेवटच्या रांगेत बसवलं. आरती सुरू झाली तशी त्याने तिथूनच झांज वाजवायला घेतली, अगदी ठेक्यात. दोन-तीन माना मागे वळल्या. एकाने ओठांवर बोट ठेवलं. ध्रुवपद आलं. चिकू थांबला आणि त्याने मनगट पुढे धरलं. स्टेजच्या दिशेने, कारण माझी मुलगी तिथे होती. बहिणीने आपली बोटं टेकवली तर त्याने हात झटकला. पुन्हा मनगट पुढे. आरती संपेस्तोवर तसंच.

व्हिडिओ छान आलाय. ग्रुपवर आहे. 46 जणांनी हात जोडलेत.

तर अशा या सोसायटीत, त्यानंतर महिनाभराने, सर्वसमावेशक समाजावर कार्यशाळा झाली. दुपारच्या सत्रात आम्हाला गोलात उभं करून लोकरीचा गुंडा दिला. एकाने दोरा धरायचा आणि गुंडा समोरच्याकडे फेकायचा, म्हणजे जाळं तयार होतं. "बघा, यातून कुणीही सुटता कामा नये," तज्ज्ञ बाई म्हणाल्या. माझ्यासमोर त्याच काकू होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "आपल्या सोसायटीत आपण कुणालाच वेगळं मानत नाही," असंही त्या म्हणाल्या, आणि टाळ्या झाल्या. माझी बहीण त्या गोलात नव्हती. ती येणार कशी? चिकूला कुठे ठेवणार? मुलांना आत आणू नये, लक्ष विचलित होते.

मी काय केलं? दोरा धरला. टाळ्या वाजवल्या, दोन. प्रमाणपत्र घेऊन घरी आलो.

हे फार झालं. आता सल्ला-बिल्ला काही नाही, सरळ बोलतो.

अहो, 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016च्या कायद्याने ते 21 केले, त्यात स्वमग्नता नावानिशी आहे. शाळेत, समाजात बरोबरीने वावरायचा हक्क लिहून दिलाय. तुमच्याकडे प्रकार एकच: 'तो तसा मुलगा'. त्याला काय झालंय हे तुम्ही लिफ्टमध्ये त्याच्या डोक्यावरून त्याच्या आईला विचारता. तो तिथेच उभा असतो, ऐकत असतो. बोलत नाही म्हणजे ऐकू येत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला? तुमच्या वाढदिवसांना त्याला बोलावत नाही आणि दुसऱ्या दिवशी केकचा डबा पाठवता. डबा कशाला पाठवता? त्याला केक आवडत नाही. तीन वर्षांत एकदा विचारलं असतं तर कळलं असतं.

आणि स्वतःच्या मुलांना सहानुभूती यावी म्हणून बाहेरून तज्ज्ञ बोलावता! ती यायची तर अशा पोराबरोबर वाढूनच यायची ना? तो मध्येच थांबला की आपणही थांबायचं, चिडायचं, कंटाळायचं, तरी परत त्याच्याशेजारी जाऊन बसायचं, एवढंच तर करायचं होतं. माझ्या मुलीला ते 15 दिवसांत आलं. ती काही फार गुणाची नाही, घरी भांडते, खोटं बोलते, दूध सिंकमध्ये ओतते. तिला फक्त तो मुलगा रोज भेटत होता. तुमच्या मुलांना तुम्ही भेटू देत नाही आणि वर तक्रार करता की हल्लीची मुलं एकलकोंडी झालीत. तुम्ही केलीत. पाट्या लावून केलीत. लाज वाटली पाहिजे. मलाही वाटतेय, मी त्या गोलात तोंड शिवून उभा होतो.

माझ्या बहिणीची तर कुणी विचारपूससुद्धा केली नाही. कार्यक्रमानंतर ती खुर्च्या गोळा करत होती. वर्गणी दिलेली, खुर्च्याही हिनेच उचलायच्या.

तर आमची एक पाटी. प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला लिहिली आहे, कागद जाड आहे, पावसात टिकेल:

'येत्या सोमवारपासून रोज संध्याकाळी 6 ते 7 या वेळेत पार्किंगमध्ये, पांढऱ्या गाडीशेजारी, झांज वाजवली जाईल. सोसायटीतील सर्व मुलांनी यावे. एका वेळी एकानेच वाजवावे व वाजवण्याआधी चिकूला सांगावे. बॉल आणल्यास चालेल. दुपारी 1 ते 4 आवाज होणार नाही, तेवढे आम्हालाही कळते. तक्रार असल्यास फोन मला करावा. माझ्या बहिणीला करू नये.'