श्वास घ्या म्हणे, तोही लंच टाईममध्ये

काल आमच्या ऑफिसात 'बर्नआउट टाळा, प्रॉडक्टिव्ह राहा' नावाचं सेशन झालं. दुपारी एक ते दोन. म्हणजे बरोबर जेवायच्या वेळेत, कारण दुसऱ्या कुठल्या वेळेला ठेवलं तर कामाचा खोळंबा होतो ना! यायची सक्ती नाही, फक्त हजेरीची यादी एचआरकडे जाणार आणि कॅमेरा चालू पाहिजे. मी डबा कीबोर्डच्या डावीकडे, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने ठेवून भेंडी-पोळी खात होते. आणि पडद्यावरचे गृहस्थ सांगत होते, "जेवताना फक्त जेवा. प्रत्येक घासाचा आस्वाद घ्या."

मग श्वासाचा व्यायाम. चार मोजत आत घ्यायचा, सात मोजेपर्यंत रोखायचा, आठ मोजत सोडायचा. मी रोखला. सहावर असताना उजव्या कोपऱ्यात टुंग वाजलं. सरांचा मेसेज: "फ्री आहेस का? क्विक कॉल." सर त्याच सेशनमध्ये होते हो! मला त्यांचा चौकोन दिसत होता. डोळे मिटलेले, चेहरा एकदम शांत. मिटल्या डोळ्यांनी टाईप करायची विद्या कुठे शिकवतात, ते सेशन ठेवा एखाद दिवस.

पुढची स्लाइड बघून तर मी पोळी खाली ठेवली. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आयसीडी-11 मध्ये, म्हणजे आजारांच्या आपल्या जागतिक यादीत, बर्नआउटची नोंद केली, तीही आजार म्हणून नाही, कामाशी निगडित गोष्ट म्हणून. कामाच्या ठिकाणचा ताण सतत साचत राहिला आणि त्याचा नीट बंदोबस्त झाला नाही की हे होतं. खुणा तीन: अंगातलं त्राण जाणं, कामावरून मन उडणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तिन्ही माझ्याच. पण कामाच्या ठिकाणचा ताण असं ढळढळीत समोर लिहिलेलं असताना त्या माणसाने ती स्लाइड वीस सेकंदात सरकवली आणि पुढची काढली: 'पहाटे पाचला उठा. कृतज्ञतेची वही लिहा.'

अहो, उंटावरून शेळ्या हाकणारे महाराज, मी सव्वापाचलाच उठते. दोन डबे, मुलाची शाळेची पाण्याची बाटली, सासूबाईंच्या गोळ्या, मग कासारवडवलीहून बस. घोडबंदर रोडला मेट्रोच्या खांबांखालून माजिवड्यापर्यंत ती बस कशी येते हे ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. ठाण्यात नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून ट्रान्स-हार्बर पकडायची. ट्रेनमध्ये ऐरोलीपर्यंत दहा-बारा मिनिटं, आणि त्या दहा-बारा मिनिटांच्या ट्रेनपर्यंत पोचायला सव्वा तास. वही लिहायची तर कापूरबावडीच्या सिग्नलला लिहीन, वेळ भरपूर असतो. कृतज्ञता एवढीच की आज बसायला मिळालं.

आणि प्रॉडक्टिव्हिटी मला शिकवता? मी व्हेंडरची बिलं जुळवते. महिनाअखेरीला हे काम तीन दिवस चालायचं. मागच्या वर्षी रात्री जागून, स्वतःच्या डोक्याने एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे तेच तेच काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिला आणि तीन दिवसांचं काम अर्ध्या दिवसावर आणलं. मला वाटलं, चला, आता महिनाअखेरीला तरी सातच्या आत घरी. बक्षीस काय मिळालं? शेजारच्या टेबलावरची मुलगी मार्चमध्ये सोडून गेली, तिची जागा भरलीच नाही. "तुझ्याकडे बँडविड्थ आहे, तात्पुरतं बघून घे ना." हे तात्पुरतं आता नववा महिना चालू आहे. चालत्या बैलाला पराणी टोचायची, आणि मग बैल दमला की त्याला श्वासाचे व्यायाम शिकवायला माणूस बोलवायचा.

आमच्याकडे एकजण आहे, त्याने तेच काम अजूनही तीन दिवस पुरवलंय. सहाला बॅग उचलतो. आधी राग यायचा त्याचा. आता वाटतं, आमच्या मजल्यावरचा एकमेव शहाणा तोच. माझा मॅक्रो मागायलासुद्धा आला नाही तो.

बरं, मला काय केल्याने काम होतं हे मला माहीत आहे. सकाळी दहा ते बारा चॅट बंद करून बसले की दिवसभराचं डोकेफोडीचं काम दोन तासांत हातावेगळं होतं. बाराला चॅट उघडला तर अकरा मेसेज, पैकी चार "ओके", दोन नमस्काराचे हात, आणि एक सरांचा: "तू ऑफलाइन दिसतेस, सगळं ठीक ना?" पुढच्या आठवड्यात वन-ऑन-वनमध्ये, "जरा व्हिजिबिलिटी वाढव." म्हणजे काम नको, हिरवा ठिपका पाहिजे. ठिपका हिरवा राहावा म्हणून माऊस हलवत चहा पिणारी माणसं आहेत आमच्याकडे, त्यांची व्हिजिबिलिटी उत्तम आहे.

रात्रीचं तर विचारूच नका. दहा चाळीसला मेसेज: "उद्या सकाळी बघितलंस तरी चालेल." मग उद्या सकाळी पाठवा की! आता मी तो वाचलाय, आता तो माझ्या उशाशी झोपणार. फ्रान्समध्ये 2017 पासून कायदा आहे, कामाची वेळ संपल्यावर फोन-मेलपासून लांब राहायच्या हक्काचा. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत तसंच विधेयक मांडलं होतं. पण ते खासगी विधेयक, म्हणजे सरकारने नव्हे तर एका खासदाराने मांडलेलं, आणि 1970 नंतर एकाही खासगी विधेयकाचा आपल्याकडे कायदा झालेला नाही. संपलं.

असलेला कायदा तरी कुठे लागतो? महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात आठवड्याचे 48 तास लिहिलेत, वरच्या तासांना दुप्पट दर. पण व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या हुद्द्यांना हा कायदा लागू नाही. म्हणूनच बहुतेक दोन वर्षांपूर्वी मला केक कापून 'असिस्टंट मॅनेजर' केलं. माझ्या हाताखाली एकही माणूस नाही. मी मॅनेज करते ती फक्त एक्सेल शीट आणि माझी पाठदुखी. नवऱ्याने तेव्हा पेढे वाटले होते सोसायटीत, त्याला अजून हे सांगितलेलं नाही.

आणि रविवार. "संडे आहे माहीत आहे, पण..." हे वाक्य ज्याने शोधून काढलं त्याला माजिवड्याच्या नाक्यावर उन्हात उभा करा. अहो, नारायण मेघाजी लोखंडे आमच्या ठाण्यात जन्मलेले. त्या माणसाने 1884 पासून गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागितली, तेव्हा कुठे 10 जून 1890 ला रविवार मिळाला. सहा वर्षं भांडून मिळवलेला वार, आणि माझे सर तो एका "पण"मध्ये उडवतात. मीही मुकाट लॅपटॉप उघडते, ही त्याहून लाजिरवाणी गोष्ट.

तर सेशन संपलं दोन वाजून दहा मिनिटांनी. शेवटचा सल्ला होता, "नाही म्हणायला शिका." ताबडतोब अमलात आणावा म्हणून सरांना लिहिलं, "आज नवीन काही घेता येणार नाही, हातात तीन कामं आहेत." उत्तर आलं, अंगठा. आणि खाली चौथं काम.

साडेसातला निघायला बॅग उचलली तर एचआरचं स्मरणपत्र, ठळक अक्षरात: सेशनचा फीडबॅक फॉर्म आजच भरणे आवश्यक, तुमचा एकटीचा बाकी आहे. बारा प्रश्न. शेवटचा, या सेशनला पाचपैकी किती गुण द्याल? मी एक दिला. लगेच लाल अक्षरं आली: तीनपेक्षा कमी गुण दिल्यास कारण लिहिणे अनिवार्य, किमान शंभर अक्षरे. माझ्याकडे हजार होती. पण ठाण्याची गाडी सात मिनिटांवर, ती गेली की पुढे बसही हुकणार.

पाच दिले आणि पळाले.