स्कोअर लिहायचा नाही

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा या तालमींची फुटबॉल मॅच असली की सकाळपासून कोल्हापूर जसं तापायला लागतं, तसं दुसरीकडं कुठं बघायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं. मिळालं. उत्तर आयर्लंडमध्ये, न्यूरीत, शाळकरी पोरांच्या मॅचला. आडवा पाऊस, हातपाय गारठलेले, आणि समोर चारशे-पाचशे पोरं घसा फुटेपर्यंत ओरडत होती. माझ्या शेजारी सत्तरीचे एक आजोबा छत्री मिटून उभे होते, कारण छत्री उघडली की मागच्यांना दिसत नाही. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही कुणाचे?" पेठेत विचारतात तसं, अगदी तसंच.

खेळ गेलिक फुटबॉल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एका बाजूला पंधरा जण, बॉल हातात घेता येतो, पण चार पावलांच्या वर तसाच घेऊन पळता येत नाही, आपटावा लागतो नाहीतर पायावर मारून परत हातात घ्यावा लागतो. गोलपोस्ट इंग्रजी एचसारखा. दांडीवरून मारला तर एक पॉइंट, खालून जाळ्यात गेला तर तीन. (आता लांबून मारलं तर दोन मिळतात, पण त्यावर इथं इतकी भांडणं आहेत की मी त्यात पडत नाही.) कुणालाही खेळायचा पगार नाही. डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऐंशी हजारांसमोर खेळलेला माणूस सोमवारी शाळेत गणित शिकवतो.

शाळांच्या पातळीवर अल्स्टर प्रांतातली सगळ्यात मानाची स्पर्धा म्हणजे मॅकरोरी कप. १९२३ मध्ये बिशप जोसेफ मॅकरोरींनी दिलेला करंडक, पुढं ते कार्डिनल झाले. फायनल वर्षानुवर्षं सेंट पॅट्रिक्स डेला, १७ मार्चला व्हायची. जिंकणारी शाळा पुढं होगन कपला जाते, म्हणजे अख्ख्या आयर्लंडच्या स्पर्धेला. आमच्या न्यूरीच्या सेंट कोलमन्सनं होगन आठ वेळा नेला आहे, पहिला १९६७ ला. आणि त्याच गावात ॲबी सीबीएस, त्यांनी २००६ ला नेला. दोन्ही शाळा मुलग्यांच्या, दोन्ही कॅथलिक, दोन्ही ग्रामर, म्हणजे परीक्षेतून पोरं निवडून घेणाऱ्या. एकाच घरात एक काका कोलमन्सचा आणि दुसरा ॲबीचा असेल तर ख्रिसमसच्या जेवणाला काय होत असेल, कल्पना करा.

मला ही चुरस मनापासून आवडते. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की हा माणूस खेळाच्या विरोधात आहे.

आमचं चिरंजीव इथं सहाव्या वर्षी गावातल्या क्लबला जायला लागलं. इथला क्लब म्हणजे आपली तालीम समजा. पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या विभागाचा क्लब, ज्या पॅरिशमध्ये राहता त्याचा. आपल्याकडं पेठ बदलत नाही तसा इथं क्लब बदलत नाही. पहिल्या दिवशी प्रशिक्षकाला, म्हणजे गावातल्याच एका प्लंबरला, मी कौतुकानं विचारलं, "स्कोअर किती झाला?" तो हसला. म्हणाला, आम्ही लिहीत नाही.

मला वाटलं विसरला असेल. तसं नव्हतं. गेलिक संघटनेचं धोरणच आहे, त्याला 'गो गेम्स' म्हणतात. साधारण बारा वर्षांपर्यंत लीग नाही, करंडक नाही, गुणतक्ता नाही. आलेल्या प्रत्येक पोराला पूर्ण वेळ खेळवायचं, चांगला असो की ढ. कारण साधं आहे: दहा वर्षांच्या पोराकडं बघून पुढं तो काय होईल हे सांगता येत नाही. आज उंच आहे तो सोळाव्या वर्षी मागं पडतो, आज बॉलला घाबरतो तो अठराव्या वर्षी मिडफिल्ड सांभाळतो. म्हणून कुणालाच लवकर गाळायचं नाही. पोरं अर्थात मनात स्कोअर मोजतातच, गाडीत बसल्या बसल्या सांगतात. पण मोठ्यांनी लिहायचा नाही.

आता गंमत बघा. हीच पोरं, याच वयाची, पी सेव्हनमध्ये म्हणजे दहा-अकराव्या वर्षी नोव्हेंबरातल्या दोन शनिवारी ट्रान्सफर टेस्टला बसतात. इंग्रजी आणि गणित. जानेवारीच्या अखेरीला निकाल: एक आकडा आणि एक बँड, म्हणजे श्रेणी. त्यावर ठरतं ग्रामर की दुसरी शाळा. म्हणजे त्याच गावात, त्याच मुलांच्या बाबतीत, मैदानावरची माणसं म्हणतात की या वयात आकडा लिहू नका, आणि शाळा म्हणतात की आकडा आणा, मग बोलू. आमच्या क्लबचा तो प्लंबर त्या दोन शनिवारी सराव ठेवत नाही. तेवढंच त्याच्या हातात आहे.

मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. आम्ही ट्यूटर लावला. पी सिक्सपासून, दर बुधवारी. जुने पेपर घरी प्रिंट केले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर घड्याळ लावून सोडवून घेतले. पोराच्या पोटात दुखायचं बुधवारी, ते आम्हाला कळत होतं, आणि तरी आम्ही नेत होतो. २०२३ च्या नोव्हेंबरात तो बसला. त्याच वर्षी जवळजवळ सगळ्या ग्रामर शाळांसाठी मिळून एक परीक्षा पहिल्यांदा झाली, तिला 'सीग' म्हणतात. त्याआधी दोन वेगळ्या होत्या, एक्यूई आणि जीएल, साधारणपणे एक प्रोटेस्टंट बाजूच्या शाळांची आणि एक कॅथलिक बाजूच्या, आणि काही बिचारी पोरं दोन्हींना बसायची. आमच्याला चांगले मार्क मिळाले. ग्रामर मिळाली.

त्याच्या क्लबच्या टीमचा गोलकीपर, लाल केसांचं शेजारचं पोरगं, चार वर्षं रोज आमच्या दारात येऊन बेल दाबणारं, त्याला नाही मिळाली. त्याच्या घरी ट्यूटर नव्हता. आई एकटी, दोन ठिकाणी काम करते. पोरगं हुशार आहे की नाही? मला काय माहीत. अकराव्या वर्षी कुणाला माहीत असतं? तो अँगल बरोबर ओळखतो, एवढं मी बघितलं आहे. बॉल कुठं येणार हे मारणाऱ्याच्या आधी त्याला कळतं.

मला मी पाचवीत असताना दिलेली नवोदयची परीक्षा आठवली. कागलचं नवोदय, जिल्ह्याला ऐंशी जागा. लागलो नाही. वडील काही बोलले नाहीत, नुसते सायकलवरून घरी घेऊन आले. पण नवोदय लागलं नाही म्हणून माझी पेठ बदलली नव्हती, मित्र बदलले नव्हते. नवोदयला गेलेला आमच्यातला एकच होता आणि बाकी सगळे होतो तिथंच. इथं गाव मधोमध फाटतं.

आणि इथंच मला त्या चुरशीबद्दल काहीतरी खटकायला लागलं. कोलमन्स विरुद्ध ॲबी हे वैर बघताना वाटतं की गाव दोन तुकड्यांत वाटलं आहे. खरं म्हणजे ते भावाभावांचं भांडण आहे. दोन्हीकडं एकाच परीक्षेतून वर आलेली पोरं, दोन्हीकडचे बाप एकाच ट्यूटरच्या दारात गाडी लावून बसलेले. खरी रेघ त्यांच्यामधून जातच नाही. ती जाते या दोघांच्या आणि तिसऱ्या शाळेच्या मधून, जिच्याविरुद्ध कुणी घोषणा देत नाही, कारण ती बहुतेक वेळा त्या मैदानावर नसतेच. ती मॅक्लार्नन कप खेळते, म्हणजे ब गट, किंवा त्याच्याही खाली. लाल केसांचा गोलकीपर तिथं आहे. चुरस ज्यांच्यात आहे त्यांना निदान एकमेकांची नावं माहीत असतात.

कुणी म्हणेल, मैदानावर निवड करताच की! पंधराच जण खेळतात, बाकीचे बाहेर. बरोबर. पण सतराव्या वर्षी ज्याला बेंचवर बसवलं, त्याला पुढच्या मंगळवारी सरावाला येऊन जागा परत मिळवता येते. शिवाय तो तोवर बारा वर्षं खेळलेला असतो.

याची दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. इथं परीक्षेविरुद्ध बोललं की म्हातारी माणसं डेरी शहरातल्या सेंट कोलम्ब्स कॉलेजचं नाव काढतात. १९४७ च्या शिक्षण कायद्यानं इथं इलेव्हन प्लस, म्हणजे अकराव्या वर्षीची निवड परीक्षा आली, आणि गरीब कॅथलिक घरातली पोरं पहिल्यांदा फीशिवाय ग्रामरमध्ये गेली. त्यांत जॉन ह्यूम, बॉगसाइड या कॅथलिक वस्तीजवळच्या बेकार बापाचा मुलगा. त्यांत शेमस हीनी, शेतकऱ्याचा मुलगा. एकाला शांततेचं नोबेल, एकाला साहित्याचं. नागरी हक्कांच्या चळवळीला जे पुढारी मिळाले, त्यांतले कितीतरी त्या परीक्षेनं घडवले. हे खोटं नाही. ज्यांना आधी काहीच नव्हतं त्यांच्यासाठी ती खिडकी होती.

पण त्याच डेरीत, त्याच बॉगसाइडमध्ये आणखी एक पोरगं होतं. इलेव्हन प्लस नापास झालं, पंधराव्या वर्षी शाळा सुटली, खाटकाच्या दुकानात कामाला लागलं. मार्टिन मॅकगिनेस. (त्याचा भाऊ टॉम डेरी काउंटीकडून गेलिक फुटबॉल खेळला.) पुढं हाच मॅकगिनेस १९९९ ला शिक्षणमंत्री झाला आणि त्यानं ती परीक्षा बंद करायची घोषणा केली. सरकारी परीक्षा शेवटची झाली २००८ मध्ये. मग ग्रामर शाळांनी आपापल्या खासगी परीक्षा काढल्या, आणि गाडी परत त्याच रुळावर. परीक्षा सरकारनं सोडली, शाळांनी उचलली, आता नोंदणीचे पैसे पडतात. फ्री स्कूल मील मिळणाऱ्या, म्हणजे गरीब घरांतल्या पोरांना माफ, पण ट्यूटर कुणाला माफ नाही. ग्रामरमध्ये अशा पोरांचं प्रमाण इतर शाळांच्या निम्म्याहूनही कमी आहे. ह्यूमसाठी जी खिडकी होती, ती आता आमच्यासारख्यांची झाली आहे, ज्यांना बुधवारचा ट्यूटर परवडतो.

हे असंच चालतं, दुसरं काही शक्य नाही, असं आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर सगळे म्हणतात. मग मी त्यांना फुटबॉलच सांगतो.

लर्गन. तिथल्या कॅथलिक शाळांत अकराव्या वर्षी परीक्षा नव्हतीच, चौदाव्या वर्षी वाटणी व्हायची. २०१५ ला दोन ज्युनियर हाय आणि एक ग्रामर एकत्र करून सेंट रोनन्स कॉलेज काढलं, सगळ्यांना एकाच दारातून प्रवेश. तिसऱ्याच वर्षी, २०१८ ला, त्यांनी मॅकरोरी जिंकला आणि क्रोक पार्कवर जाऊन होगनही आणला. मग कुक्सटाउन. होली ट्रिनिटी, ग्रामर नाही. २०२२ ला पहिल्यांदा मॅकरोरी जिंकला.

आणि मॅकरोरी तर सीमेपलीकडंही जातो. कॅव्हन आणि मोनाहन अल्स्टरमध्ये आहेत, पण देश दुसरा, आयर्लंड प्रजासत्ताक. तिथं २०१८ च्या कायद्यानं मुलाची हुशारी बघून प्रवेश द्यायला शाळांना मनाई आहे. कॅव्हनच्या सेंट पॅट्रिक्सनं २०१५ ला हाच कप नेला. म्हणजे एकाच स्पर्धेत, एकाच मैदानावर, एक संघ चाळून आलेला आणि दुसरा न चाळता, आणि प्रेक्षकांना तो फरक ओळखता येत नाही.

दोन-चार कपांवरून सिद्धांत मांडू नये, मला कळतं. ओमा सीबीएस ग्रामर आहे आणि २०२४ चा होगन त्यांचा. एनिस्किलनचं सेंट मायकल्स ग्रामर, २०१९ चा त्यांचा. ग्रामर शाळा खेळात कमी पडत नाहीत. मी एवढंच म्हणतोय की चाळणीशिवाय शाळेचा अभिमान राहत नाही, जर्सीसाठी जीव टाकला जात नाही, ही भीती निदान या मैदानावर तरी टिकत नाही.

कोविडच्या वर्षी तर प्रयोगच होऊन गेला. त्या वर्षीच्या परीक्षा रद्द झाल्या. ग्रामर शाळांनी थोरला भाऊ आधीपासून आहे का, कोणत्या प्राथमिक शाळेतून आला, असले निकष लावून २०२१ चे वर्ग भरले. आभाळ कोसळलं नाही. ती पोरं आता सोळाच्या आसपास आहेत, रॅनाफास्ट कपच्या, म्हणजे मॅकरोरीच्या खालच्या वयोगटाची. दोनेक वर्षांत तीच मॅकरोरी खेळतील, आणि कुठल्यातरी कुंपणाला टेकून एखादे आजोबा छत्री मिटून ओरडत असतील. कुणाला किती मार्क होते हे विचारायची सोयच नाही, कारण मार्क नाहीतच.

लाल केसांचं पोरगं अजून क्लबला येतं. गुरुवारी संध्याकाळी दोघं एकाच जर्सीत असतात. पण आता बेल दाबत नाही, थेट मैदानावर येतो, कारण त्याची शाळेची बस दुसऱ्या रस्त्यानं येते. परवा सराव संपल्यावर मी दोघांना चिप्स घेऊन दिले. आमचा बोलता बोलता म्हणाला, "आमच्या शाळेत..." आणि थांबला. तो गोलकीपर हसला आणि म्हणाला, सांग की. मग दोघं बराच वेळ गप्प बसून चिप्स खात होते.

आमची धाकटी आता पी सिक्समध्ये आहे. तीही खेळते. मागच्या शनिवारी तिला स्कोअर विचारला, तर म्हणाली, "बाबा, लिहीत नसतात, पण आम्ही जिंकलो." बायकोनं सीगच्या नोंदणीची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवून आठ दिवस झाले. खाली तिनं दोन प्रश्नचिन्हं टाकली आहेत. मी अजून उघडली नाही, आणि बुधवारच्या ट्यूटरचा नंबरही फोनमधून काढलेला नाही.