तारलोला घर पाहिजे

आमच्या घरात सध्या जो कुत्रा आहे तो आमचा नाही. हे वाक्य मी रोज कुणाला ना कुणाला ऐकवतो: शेजाऱ्यांना, पोदेराला म्हणजे पाववाल्याला, देवळाच्या कमिटीला, आणि अधूनमधून खुद्द कुत्र्याला. कुणाचाच विश्वास बसत नाही. कुत्र्याचा तर मुळीच नाही.

प्राण्यांसाठी काम करणाऱ्या मंडळींनी त्याला भर पावसात इथल्या, गोव्यातल्या फोंड्याच्या मासळी बाजारातून उचललं. तारल्यांच्या टोपलीमागे दबा धरून बसला होता, म्हणून नाव तारलो. त्यांच्याकडे जागा नव्हती. माझ्या मुलीने परस्पर आमचा पत्ता देऊन टाकला आणि स्वतः कॉलेज सुरू झालं म्हणून पुण्याला निघून गेली. फॉस्टर म्हणजे काय हे मी आईला समजावत होतो. "कुणीतरी दत्तक नेईपर्यंत आपण सांभाळायचं."

"म्हणजे पेइंग गेस्ट."

"पैसे मिळत नाहीत, आई."

"मग जावई म्हण की," असं म्हणून ती पेज उतरवायला आत गेली.

डॉक्टरांनी जबडा उघडून बघितला आणि तीन महिन्यांचा असेल म्हणाले. दुधाचे दात 28. चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 42 पक्के दात येतात. मधल्या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून पिल्लू दिसेल ते चावतं. कारण कळलं की मनाला बरं वाटतं, पण आजोबांच्या वेळच्या शिसवी खुर्चीचा पाय काही त्याने परत वाढत नाही. इलाज शेवटी पोदेराकडे सापडला. सकाळी सायकलचा भोंगा वाजला की तारलो फाटकात उभा. पोई नको, उंडो नको, त्याला पाहिजे काकण. बांगडीसारखं गोल, खडखडीत भाजलेलं काकण तो पुढच्या दोन पायांत धरतो, डोळे मिटतो आणि कुरकुर कुरकुर करत बसतो. तेवढी पाच मिनिटं घरात शांतता असते. त्या पाच मिनिटांत मी चहा पितो, पेपर वाचतो आणि उरलेल्या वस्तू उंचावर ठेवतो.

पण चावणं परवडलं, खेळणं नको. तारलो हा खेळायलाच जन्माला आलेला प्राणी आहे. बादलीशी खेळतो, झाडूशी खेळतो, पंख्याच्या सावलीशी खेळतो. पहाटे कोंबडा आरवायच्या आत माझ्या पायाचा अंगठा हा स्वतंत्र प्राणी आहे असं समजून त्याच्याशीही खेळतो. चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांनी सजवतात ती चौकट, बांधायची म्हणून आम्ही सगळं सामान खोलीत पसरलं होतं: नारळ, सुपारीचे घड, चिबूड, कोहळा, रानातून आणलेल्या घागऱ्या. त्या घागऱ्यांच्या सुक्या शेंगा हलवल्या की आत बिया खुळखुळतात. बस्स. वाढत्या वयाच्या कुत्र्याला आयुष्यात आणखी काय पाहिजे? घागऱ्यांचा घोस तोंडात धरून तो मागच्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत पसार झाला. आवाज सगळीकडून येत होता, कुत्रा कुठेच दिसत नव्हता. भटजी वेळेवर आले, घागऱ्या आल्याच नाहीत.

देवळातल्या भजनाचा प्रकार मात्र जरा वेगळा. देऊळ आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. गुरुवारी भजन रंगात आलं की बाहेरच्या पायऱ्यांवर चपलांचा ढीग पडतो. तारलोने त्याचा बारकाईने अभ्यास केला असावा, कारण तो कधीही जोडी आणत नाही. प्रत्येकाची एकच. बहुधा डावी. ती आमच्या चिकूच्या झाडाखाली आणून ओळीने मांडतो आणि शेजारी बसून राहतो. आरती संपली की अख्खी भजनी मंडळी एका पायात चप्पल आणि हातात टॉर्च अशा थाटात आमच्या अंगणात. माझी बायको आता गुरुवारी सरळ सगळ्यांचा चहाच टाकते. कमिटीच्या अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हो सुणो तुमचो न्हय?" मी म्हटलं, "आमचा नाही, फॉस्टर आहे." ते म्हणाले, "फॉस्टर आसूं वा कोणूय आसूं, म्हजी चप्पल खंय?"

लसीकरणाच्या बाबतीत मात्र कुणी बोट दाखवू शकणार नाही. 2021 साली गोवा रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाला, देशातलं असं पहिलं राज्य. त्यामागे गावोगाव मोठमोठी जाळी घेऊन कुत्र्यांमागे धावलेली, घामाने निथळणारी माणसं आहेत. भाषणं ठोकून असली कामं होत नाहीत. तारलोसाठी जाळं लागलं नाही. तो स्वतःहून टेबलावर चढला आणि सुई टोचेपर्यंत डॉक्टरांच्या पेनचं टोपण खाऊन मोकळा झाला.

आता राहिला मुख्य प्रश्न, स्थळ शोधण्याचा. त्यासाठी फोटो लागतो. तारलो नखशिखांत काळा, फक्त उजव्या पंजाच्या दोन बोटांना चुना लागल्यासारखा पांढरा रंग. काळ्या कुत्र्याला घर मिळायला वेळ लागतो असं त्या मंडळींनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि फोटो काढायला गेल्यावर कारणही कळलं. काळा कुत्रा स्थिर बसला तर फोटोत डोळे सोडून काही दिसत नाही, आणि हा तर स्थिरही बसत नाही. माझ्या मोबाइलमध्ये सध्या भरपूर काळे फराटे आहेत. एका फोटोत नुसती शेपटी आहे. एकात तो कॅमेरा चाटतोय.

मजकूर मी लिहिला तो असा : "वय पाच महिने, लसीकरण पूर्ण, तब्येत ठणठणीत, अत्यंत खेळकर. चपला सांभाळाव्यात." शेवटचं वाक्य मंडळींनी कापलं. "काका, खरं लिहा, पण सगळं लिहू नका." वधुवर मंडळाच्या वहीत मुलाचा पगार लिहितात आणि घोरणं लिहीत नाहीत, तसंच हे.

तरी चौकश्या आल्या. शिवोलीत वर्षभरासाठी भाड्याने राहणाऱ्या एका जोडप्याला तो फार आवडला. फक्त पुढच्या वर्षी दिल्लीला परतताना तो परत घ्याल का, एवढंच विचारायचं होतं. सत्तरी तालुक्यातून एकाला काजूच्या बागायतीत राखणीला पाहिजे होता, गवे हाकलायला. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. त्याच्यावर भुंकण्याइतका अधिकार तारलोकडे नाही, आणि तो भुंकणार नाहीच, खेळायला बोलावेल. पर्वरीच्या एका फ्लॅटवाल्याने फोनवर जात विचारली. मी म्हटलं, गावठी. तो म्हणाला, मग हस्कीच घेतो. घ्या बापडे. गोव्याच्या मे महिन्यात बर्फातल्या कुत्र्यासाठी दिवसरात्र एसी लावा आणि विजेचं बिल आलं की फोन करा. फोंड्याचंच एक सज्जन कुटुंब आलं होतं, त्यांना बाकी सगळं पसंत पडलं. "नाव तेवढं बदललं तर चालेल ना? आमच्याकडे सोमवार असतो."

मी सगळ्यांना नकार कळवला. बायको म्हणते, मुलीच्या लग्नात इतके प्रश्न विचारू नकोस.

मागच्या आठवड्यात डिचोलीहून एक निवृत्त बाई कदंबच्या बसने आल्या. शाळेत गणित शिकवायच्या. पडवीत टेकल्या, पायातल्या चपला काढल्या आणि काही न बोलता आपल्या पिशवीत घातल्या. मी बघतच राहिलो. "आमचा आधीचाही असाच होता," त्या म्हणाल्या. मग त्यांनीच मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. गोचिडांसाठी काय लावता? जेवण किती वेळा? पुढे नसबंदी कधी करायची सांगितलीय? रात्री कुठे झोपतो?

"पडवीत," मी म्हटलं.

"त्याच्याच पायथ्याशी," आतून आईचा आवाज आला.

बाईंनी वहीत लिहून घेतलं. तोवर तारलोने पिशवीत तोंड घालून चपलेऐवजी चष्म्याचं घर बाहेर काढलं होतं. त्यांनी ते ओढलं नाही. खिशातून सुकं बोंबील काढून पुढे धरलं. चष्म्याचं घर जमिनीवर पडलं. इतक्या दिवसांत मला हे सुचलं नव्हतं.

आता घर बघायला मंडळी डिचोलीला जाणार आहेत. कुंपणाच्या भिंतीला मागच्या बाजूला एक भगदाड आहे, तिथे जाळी बसली की करारपत्रावर सही होईल. जाळी साधी घेऊ नका, दोन पावसाळ्यांत गंजते, गॅल्व्हनाइज्डच घ्या आणि खालून जमिनीत वीतभर पुरा, हा उकरतो, असं मी बाईंना फोन करून सांगितलं. काल गवंडी चांगला आहे की नाही हे विचारायला पुन्हा फोन केला. त्यांनी उचलला नाही.