पारवाच्या आत गेलेल्या कुशीबद्दल : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया येऊन दहा दिवस झाले. उशिराला परीक्षेचं कारण देता आलं असतं, पण ते खरं नाही. तुम्ही एका फोटोत जे पाहिलंत त्याबद्दल काय लिहावं, हे मला ठरवता येत नव्हतं.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. पारवा हा माझा पाच वर्षांचा घोडा. इव्हेंटिंग म्हणजे एकाच घोड्यावर तीन वेगवेगळ्या कसोट्यांचा खेळ. मागच्या लेखात मी ऑक्टोबरमधल्या आमच्या पहिल्या इव्हेंटिंग स्पर्धेबद्दल लिहिलं होतं आणि पारवाचे चार फोटो टाकले होते. कुशी म्हणजे घोड्याच्या बरगड्यांमागची बाजू, अंगातलं पाणी कमी झालं की ती आत जाते. त्यावर काकांनी लिहिलं :

"मुली, माझ्या वडिलांचा नाशिकरोड ते पंचवटी टांगा होता. मी चौदा वर्षं खरारा केलाय. पाच वर्षांचं घोडं म्हणजे मिसरूड न फुटलेलं पोर. त्याला न हलणाऱ्या ओंडक्यांवरून उडवायचं, तापलेल्या अंगावर बर्फाचं पाणी ओतायचं आणि फोटो टाकून शाबासकी घ्यायची, हा पैसेवाल्यांच्या पोरांचा खेळ आहे. तिसऱ्या फोटोत त्याची कुशी आत गेली आहे. तुला ती दिसली नाही, की दिसूनही उडवलंस? तू कॉलेज शिक. घोड्याला दोन वर्षं नुसतं वाढू दे."

काका, दिसली होती. दिसूनही उडवलं.

त्या लेखात मी 'क्रॉसकंट्रीनंतर थोडा दमला होता' एवढंच लिहिलं. ते अर्धंच होतं. पूर्ण आता सांगते.

स्पर्धा दोन दिवसांची होती. शनिवारी ड्रेसाज (ठरलेल्या चाली करून दाखवणं), रविवारी सकाळी क्रॉसकंट्री (मोकळ्या रानातले न हलणारे अडथळे) आणि दुपारी शो जंपिंग (पडणाऱ्या दांड्यांवरून उड्या). अडथळे ८० सेंटिमीटरचे, म्हणजे या खेळात अगदी खालच्या पायरीचे. शनिवार छान गेला. रविवारी आमची पाळी साडेदहाला आली आणि ऑक्टोबरचं ऊन तोवर चांगलंच वर आलं होतं. पारवा एकाही अडथळ्याला अडला नाही. पाण्याच्या उडीला क्षणभर कान टवकारले आणि सरळ आत गेला. शेवटच्या ओंडक्यानंतर मी उतरले, खोगीर काढलं, सईसमामांनी, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्या मामांनी, पाणी ओतायला सुरुवात केली. मी त्याच्या जबड्याच्या आतल्या कडेला बोटं ठेवली. तिथं दोरीसारखी धमनी लागते, तुम्हाला माहीतच असेल. पंधरा सेकंद मोजायचं आणि चारनं गुणायचं. उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४. धावून आल्यावर दहाएक मिनिटांत ते ६४च्या खाली यावेत, असं आम्हाला शिकवलेलं आहे. दहा मिनिटांनी माझ्या बोटांखाली १९ ठोके लागले. म्हणजे ७६. वीस मिनिटांनी १७, म्हणजे ६८. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच बसेना, तंबूसारखी उभी राहिली आणि मग सावकाश खाली गेली. अंगातलं पाणी कमी झाल्याची ही खूण. ६०वर यायला त्याला अर्धा तास लागला. तिसरा फोटो त्या अर्ध्या तासातला आहे.

दुपारी डॉक्टरांपुढं त्याला दुडक्या चालीनं पळवून दाखवलं. चाल सरळ होती, त्यांनी पुढं जाऊ दिलं. सकाळचे आकडे त्यांनी विचारले नाहीत आणि मीही सांगितले नाहीत. सांगितले असते तर त्यांनी बहुधा थांबवलं असतं, आणि म्हणूनच मी सांगितले नाहीत. शो जंपिंगमध्ये त्याने तीन दांडे पाडले. एका दांड्याला ४ दंडगुण, म्हणजे १२. सरावात दांड्याला खूर लागला तरी पुढच्या खेपेला वीतभर वरून जाणारा घोडा आहे हा. त्या दिवशी त्याचे मागचे पायच उचलले जात नव्हते.

सोमवारी पहाटे नाशिकला पोचलो. त्याने चंदीला तोंड लावलं नाही. पाठीचे आणि मागच्या पुठ्ठ्यांचे स्नायू लाकडासारखे झाले होते, पाऊल टाकताना तो आखडत होता. इथल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, रक्त तपासायला पाठवलं. स्नायूंना इजा झाली की जी एन्झाइम्स रक्तात चढतात ती चढलेली निघाली. साडेदहाला माझं प्रॅक्टिकल होतं. मी जर्नल घेऊन गेले आणि सईसमामा त्याच्याजवळ पोतं टाकून बसून राहिले. तो दिवस मी लेखात घातला नाही. लोक अभिनंदन करत होते आणि मला ते हवं होतं. याबद्दल मी तुमची आणि सगळ्या वाचकांची माफी मागते. पारवाची कशी मागायची ते मला कळत नाही. आता तो बरा आहे. तीन आठवडे हाताने चालवला, मग मोकळा सोडला, आता हलकी रपेट सुरू आहे.

पण काका, चूक नेमकी कुठं झाली याबद्दल माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे. तुम्ही म्हणता वय. मी म्हणते पावसाळा, आणि पावसाळ्यानंतरची माझी घाई.

आमचं मैदान सोमेश्वरच्या पुढं, काळ्या मातीचं. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत तिथं घोडा नुसता चालवायचा म्हटलं तरी खूर घोट्यापर्यंत रुततात. अशा चिखलात वेगाने पळवणं म्हणजे पायाच्या शिरा (स्नायू हाडाला बांधणारे दोर) तोडून घेणं. तेवढे महिने मुरमाड रस्त्यावर लांब चाल, चढावर सावकाश दुडकी, एवढं तरी रोज व्हायला हवं होतं. ते झालं नाही. सकाळी सव्वासातचं लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, हजेरीला पंचाहत्तर टक्क्यांची अट. आठवड्यात चार दिवस पारवा गोठ्यातल्या म्हशीसारखा उभा. मग सप्टेंबरच्या शेवटी उघडीप मिळाली आणि मी चार महिन्यांचं काम अडीच आठवड्यांत करायला गेले. स्पर्धा ऑक्टोबरमध्येच गाठायची होती, कारण नोव्हेंबरमध्ये सेमिस्टर होतं. तारीख माझ्या वेळापत्रकाने ठरवली. घोड्याला विचारलंच नाही.

म्हणून 'दोन वर्षं नुसतं वाढू दे' हे मला पटत नाही. नुसतं उभं राहूनच तर तो कमजोर झाला होता. हाड आणि शिरा ओझ्याने, चालीने, थोड्या थोड्या ताणाने घट्ट होतात, आणि तरुण वयातच जास्त होतात. बारा बाय बाराच्या खोलीत दोन वर्षं ठेवलेल्या घोड्याला पोटशूळ होईल, तो दारात डुलत उभा राहील, लाकूड चावेल. तुमच्या वडिलांचा घोडा रोज स्टेशनपासून गोदाकाठापर्यंत चालत होता, म्हणूनच तो टिकला असेल, असं मला वाटतं.

तुमची काळजी मात्र पोकळ नाही. घोड्याच्या पुढच्या गुडघ्यावरची वाढीची चकती दोन-अडीच वर्षांत मिटते, पण मणक्यांच्या चकत्या पाच-साडेपाच वर्षांपर्यंत, कधी त्यानंतरही मिटत असतात. पाठ सगळ्यात शेवटी पक्की होते, आणि आपण बसतो नेमके पाठीवर. पारवा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा आहे. कागदावर सगळ्या थरोब्रेडचा वाढदिवस १ जानेवारी. त्या हिशेबानं तो पुढच्या महिन्यात सहाचा होईल, पण जन्मला एप्रिलमध्ये. मी एप्रिल धरते.

आणि हेही सांगायला हवं की तो माझ्याकडे कोरा आला नाही. तिसऱ्या वर्षी तो रेसला पळत होता, चौथ्या वर्षी 'वेग नाही' म्हणून बाहेर काढला. शर्यतीचं घड्याळच तसं आहे. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची असते, तिथं त्या वयात घोडा कळसाला पोचलेला असतो. आमच्या खेळात याच्या अगदी उलट. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताचा स्वार फुआद मिर्झा तेविसावा आला, तेव्हा त्याचा घोडा सेन्योर मेडिकॉट पंधरा वर्षांचा होता. त्याच घोड्यावर २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये त्याने वैयक्तिक रौप्य मिळवलं, त्या वेळीही घोडा बारा वर्षांचा. घोडा समजूतदार व्हायलाच आठ-दहा वर्षं लागतात असं मानणारा हा खेळ आहे. मी इव्हेंटिंगवर जीव टाकते त्याचं मोठं कारण हेच. 'वेग नाही' म्हणून चौथ्या वर्षी काढून टाकलेल्या घोड्याला इथं पुढची दहा वर्षं काम आहे, नाव आहे, खरारा आहे.

बर्फाच्या पाण्याचं सांगते. तापल्या घोड्यावर गार पाणी टाकलं तर तो आखडतो, असं माझे पहिले उस्तादही सांगायचे. पण १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकआधी तिथल्या उष्ण, दमट हवेची सगळ्यांनाच धास्ती होती, म्हणून यावर खूप अभ्यास झाला. घोडा पळताना स्नायूंत प्रचंड उष्णता तयार होते आणि ती बाहेर काढायचा सगळ्यात झटपट मार्ग म्हणजे गार पाणी सगळ्या अंगावर ओतत राहणं. आखडणं पाण्यामुळं नाही, आत साठलेल्या उष्णतेमुळं आणि घामावाटे गेलेल्या मिठामुळं. त्या दिवशी पाणी ओतलं नसतं तर पारवाचं आणखी वाईट झालं असतं. यात मी माघार घेणार नाही.

न हलणारे ओंडके हा मात्र या खेळाचा खरा धोका आहे आणि मी तो लपवणार नाही. हा खेळ घोडदळाच्या अधिकाऱ्यांच्या परीक्षेतून आला. १९१२ साली स्टॉकहोमला ऑलिंपिकमध्ये शिरला तेव्हा तो सैनिकांचाच होता. दिल्लीत १९८२ च्या एशियाडमध्ये आपल्या रघुबीर सिंग यांनी सुवर्ण जिंकलं, तेही फौजीच. मैदानावर जे येईल ते ओलांडायचं, ही मूळ कल्पना. घोडा ओंडक्याला पुढच्या पायांनी अडकून कोलांटला तर स्वार आणि घोडा दोघांच्या जिवावर बेततं, असे मृत्यू झालेले आहेत. म्हणून आता काही अडथळ्यांना जोर बसला की निखळणाऱ्या पिना लावतात. क्रॉसकंट्रीत स्वार पडला की तिथंच बाद. पहिल्यांदा अडला की २० दंडगुण, त्याच अडथळ्याला पुन्हा अडला की ४०. दमलेला घोडा चूक करतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मी दमलेल्या घोड्यावर दुपारी पुन्हा चढले ती उडी पडणाऱ्या दांड्यांची होती, ओंडक्यांची नव्हती, एवढंच आमचं नशीब.

पैशांबद्दल फार लिहीत नाही. वडिलांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, ज्या वर्षी गारपीट होते त्या वर्षी घरात घोड्याचं नाव काढायची सोय नसते. पारवाचा अर्धा खर्च तबेल्याचे मालक उचलतात आणि बदल्यात मी तिथं लहान मुलांना शिकवते. पण माझ्यापेक्षा जास्त कष्ट करून ज्यांना घोड्याला हात लावायला मिळत नाही अशी मुलं मी पाहिली आहेत, त्यामुळं तुमच्या बोलण्यात तथ्य नाही असं म्हणवत नाही.

राहिलं कॉलेज. ते सोडणार नाही आणि पारवालाही सोडणार नाही. जानेवारीच्या स्पर्धेतून नाव मात्र काढून घेतलं आहे. त्या तारखेच्या आधीही पंधरा दिवस सबमिशन आहेत आणि मला पुन्हा तेच करायचं नाही. एक वही केली आहे. रोज काम सुरू करण्याआधी, संपल्यावर, दहा मिनिटांनी आणि वीस मिनिटांनी ठोके लिहायचे. वही सईसमामांकडे असते, माझ्याकडे नाही. सलग सहा आठवडे आकडे बसले तरच माझे प्रशिक्षक सर कुठल्या स्पर्धेचा फॉर्म भरतील. उन्हाळ्याआधी बसले नाहीत तर पुढच्या हिवाळ्यात बघू, तोवर माझं शेवटचं वर्षही संपलेलं असेल.

एक गोष्ट तुम्हाला विचारायची आहे. पारवा परगावचं पाणी पीत नाही. ट्रकमध्ये सात तास, पोचल्यावर रात्रभर, त्याने बादलीत नुसतं तोंड बुडवून बाहेर काढलं. मला वाटतं कुशी आत जायला तिथंच सुरुवात झाली होती. आता इथूनच गुळाचं पाणी द्यायची सवय लावते आहे, म्हणजे पुढं कुठंही चव तीच लागेल. कधी तो पितो, कधी नाक फेंदारून मागं सरतो. तुमचे वडील घोडा यात्रेला वगैरे नेत असतील तेव्हा काय करायचे?

रविवारी सकाळी आठला नालबंद येणार आहेत, तेव्हा पारवा दोन तास बाहेरच बांधलेला असतो. जमलं तर या. पत्ता मेलवर पाठवते. त्याचं तोंड उघडून वय सांगणारे कडेचे दात तुम्ही स्वतः बघा, आणि कुशीही.