मॅग्नमला मवाळ करताना

३५७ मॅग्नम या रिव्हॉल्वरच्या काडतुसाचा जन्मच मुळी मवाळपणाच्या रागातून झाला. त्याआधीचं ३८ स्पेशल फारच गुळमुळीत वाटतं म्हणून १९३५ साली स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी हे काडतूस बाजारात आणलं. पितळी केस, म्हणजे काडतुसाचं नळकांडं, इंचाच्या सुमारे आठव्या भागाने लांब केली. जास्त दारू मावावी हा त्यामागचा हेतू नव्हता. हे दांडगं काडतूस जुन्या, नाजूक रिव्हॉल्वरमध्ये कुणी घुसडू नये, एवढीच काळजी होती. लांब नळीतून १५८ ग्रेनची (साधारण दहा ग्रॅमची) गोळी सेकंदाला दीड हजार फुटांच्या आसपास पळते, अशी त्याची तेव्हाची ख्याती.

मला नऊशे पुरतात.

हे वाक्य चांदमारीच्या मैदानावर मोठ्याने बोलायची सोय नाही. तिथे प्रत्येकाला आणखी वेग हवा असतो आणि प्रत्येकाचं मनगट संध्याकाळी शेकायला लागतं. मला मात्र शिशाची घरी ओतलेली गोळी, बेताचा आवाज, बेताचा झटका आणि कागदावर मुठीएवढ्या जागेत सहा भोकं इतकंच हवं आहे. काडतुसं मी घरीच भरतो. दांडग्या काडतुसासाठी दारूच्या मात्रांच्या पुस्तकातला शेवटचा आकडा गाठला की झालं. बेताच्या काडतुसाला असा कुठला आकडाच नाही, आणि म्हणून त्याला अंत नाही.

"मग सरळ ३८ स्पेशलच का नाही वापरत?" हा प्रश्न मला सगळे विचारतात. बायकोने विचारला तेव्हा मी शास्त्रीय उत्तर दिलं. आखूड काडतूस सिलिंडरमधल्या लांब घरात उडवत राहिलं की केसच्या तोंडापुढे काजळी आणि शिशाचं कडं साचतं, आणि मग मॅग्नमचं लांब काडतूस आत जाताना अडतं. "पण तू मॅग्नमचं काडतूस मॅग्नमसारखं उडवतोसच कुठे?" ती म्हणाली. शास्त्राला इथे मर्यादा पडतात.

या छंदातलं खरं महाभारत शिशाचं. शिसं वितळतं ३२७ अंश सेल्सिअसला, ओतायला त्याहून बरंच तापवावं लागतं. आमच्याकडे त्या भांड्याला स्वयंपाकघराचा उंबरठा कायमचा बंद आहे, हात धुतल्याशिवाय मलाही आहे, आणि दोन्ही निर्णय योग्यच आहेत. ओतकाम चालतं बाहेर, मोकळ्या हवेत, जाड हातमोजे आणि चष्मा लावून. आभाळात ढग दिसला तरी मी गाशा गुंडाळतो, कारण वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब शिरला तर त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं चहूकडे उडतं. साच्याचे स्वभाव तर विचारू नका. गार असला तर गोळ्यांना सुरकुत्या, जास्त तापला तर गोळ्यांवर दहिवर. मधल्या थोड्या वेळात तो देखण्या गोळ्या देतो, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी फोनवर बोलवतं.

शिवाय साच्यावर १५८ ग्रेन लिहिलेलं असलं तरी गोळी तितकीच भरेल असं नाही. माझ्या शिशात कथील कमी, म्हणून ती जरा जडच उतरते. कथलाने शिसं साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात नीट पोचतं, अँटिमनीने गोळी कडक होते. आणि कडकपणा म्हटला की प्रत्येक नेमबाजाच्या आतला पहिलवान जागा होतो. छापखान्यातल्या जुन्या लायनोटाइप यंत्रावर छपाईच्या ज्या धातूत ओळी ओतल्या जात, त्यात १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असे. कडकपणाच्या ब्रिनेल मापाने शुद्ध शिसं ५ च्या आसपास, तर हा धातू २२ च्या. अशा धातूची लगड कुणाला सापडली की तो ती अग्रलेख असल्यासारखी जपतो.

मैदानावर एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत. माझ्या नळीत शिशाचे ओरखडे पाहून त्यांनी निदान केलं, "गोळी मऊ आहे तुमची. कडक ओता." मी कडक ओतली. नळीत शिसं वाढलं. "आणखी कडक," ते म्हणाले. त्यांच्या औषधाचा गुण येईना तसतशी मात्रा वाढत गेली. अखेर मी वाचायला बसलो, तर प्रकरण उफराटंच निघालं. बेताच्या दाबाला कडक गोळी बधत नाही. तिचा तळ फुगून नळीला घट्ट बसत नाही, मग मागचा तापलेला वायू कडेच्या फटीतून पुढे सुटतो आणि जाता जाता गोळीची कड वितळवून नळीच्या आतल्या पिळदार आट्यांवर थापतो. दांडग्या काडतुसाला कडक गोळी ठीक. मवाळ काडतुसाला गोळीही जरा मवाळच लागते. त्याहून मोठी गोष्ट मापाची. सिलिंडरच्या सहाही घरांची तोंडं आणि गोळी यांचं इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत जमावं लागतं. गोळी बोटाच्या हलक्या दाबाने तोंडातून सरकली पाहिजे. आपसूक पडली तर ती बारीक, आणि मग कडकपणाच्या साऱ्या चर्चा वाया.

हे मी त्या गृहस्थांना अत्यंत आदराने सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तेच तर मी सांगत होतो."

नळीतलं शिसं काढायला शुद्ध तांब्याच्या घासणीचे धागे ब्रशवर गुंडाळून फिरवतात. बाजारातल्या पुष्कळ घासण्या आतून लोखंडी, वरून तांब्याचा मुलामा. त्यामुळे भांड्यांच्या दुकानात मी लोहचुंबक घेऊन जातो आणि एकेक घासणी तपासतो. दुकानातला मुलगा हल्ली मला पाहून मॅनेजरला हाक मारतो.

पावडरीचं, म्हणजे दारूचं, दुखणं वेगळं. मॅग्नमची केस प्रशस्त आणि आपली पावडर चिमूटभर; मोठ्या वाड्यात एकच भाडेकरू राहावा तसं, नेमका कुठल्या खोलीत आहे पत्ता लागत नाही. नळी वर करून मग नेम धरला तर पावडर प्रायमरपाशी, म्हणजे केसच्या तळातल्या पेटवणाऱ्या टिकलीपाशी, जमते आणि वेग वाढतो. आधी नळी खाली झुकवली तर ती गोळीकडे सरकते आणि वेग पडतो. गती मोजायचं यंत्र समोर मांडलं की तीच पावडर, तीच गोळी आणि आकडे मात्र वाटेल तसे. शिवाय एवढ्या मोठ्या केसमध्ये चुकून दोनदा पावडर पडली तरी ती बाहेर सांडून चुगली करत नाही. त्यामुळे गोळी बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये विजेरी मारून डोकावायचं, हा नियम. घरचे याला पूजा म्हणतात. म्हणोत.

"मग सावकाश जळणारी पावडर घे, केस भरेल," असाही सल्ला मिळतो. केस भरते खरी, पण त्या जातीच्या काही पावडरी पुरत्या दाबाशिवाय नीट पेटतच नाहीत. कमी केलेली मात्रा अर्धवट जळून गोळी नळीतच अडकू शकते, आणि मागून दुसरी सुटली तर रिव्हॉल्वर आणि बोटं दोन्ही संपली. उत्पादक स्वच्छ लिहितात, ही पावडर कमी करू नका. अशा बाबतीत मी छापील पुस्तकाच्या बाहेर पाऊल टाकत नाही, मग सल्ला देणाऱ्याच्या मिशा कितीही पांढऱ्या असोत.

शेवटी मध्यम वेगाने जळणारी एक जुनी पावडर, जरा मऊ गोळी, केसच्या तोंडाला नीट दुमड आणि बराच धीर यांवर गाडी रुळावर आली. सहा भोकं मुठीत मावू लागली, नळी चकचकीत राहू लागली. अर्थात पावडरीचा डबा त्याच सुमारास संपला. नव्या डब्याचा लॉट वेगळा, म्हणजे खालच्या मात्रेपासून पुन्हा श्रीगणेशा.

जुन्यातली उरलेली काडतुसं परवा मैदानावर एका तरुणाला उडवून पाहायला दिली. त्याने कानातले बोळे नीट बसवले, पाय रोवले, दात आवळले, सहाही गोळ्या झाडल्या आणि चकित होऊन वळला.

"काका, हे ३८ स्पेशल होतं ना?"

मी हो म्हणालो. ज्येष्ठ गृहस्थ शेजारीच उभे होते, आणि कडकपणाचा विषय पुन्हा निघाला असता.