हाती आली घंटा

शाळेची, देवाची आणि सायकलची, या तीन सोडल्या तर चौथी घंटा आमच्या घरात चालत नसे. एखादा मित्र दारातून "काय रे, घंटा मिळालं?" म्हणाला, तर आई उलथनं घेऊनच बाहेर यायची. त्यामुळे सातवीच्या सुट्टीत मिरजेच्या मामाने टीव्हीला जोडायचा गेम आणला आणि त्याच्या पिवळ्या कॅसेटमध्ये ढगांतून घंटा पडणारा एक खेळ निघाला, तेव्हा माझी पंचाईत झाली. "आई, आज मी सतरा घंटा मिळवल्या" हे सांगायचं कसं? मी त्या खेळाला 'कांद्याचा गेम' म्हणायला लागलो, कारण पहिल्या टप्प्याच्या शेवटी एक भलामोठा कांदा अंगावर येतो. कांद्याला घरात कुणाची हरकत नव्हती.

खेळाचं खरं नाव 'ट्विनबी' आणि तो मुळात जपानी गेम सेंटरांसाठी बनलेला, हे मला कळायला पंचवीसेक वर्षं लागली. तोवर नोकरीने मला तोक्योत, निशी-कासाईत आणून टाकलं होतं. एका पावसाळी शनिवारी बायकोला "फक्त पाच मिनिटं" म्हणून एका जुन्या गेम सेंटरच्या जिन्यावरून वर नेलं. आत बुटकी मशीनं, त्यांच्यासमोर बुटकी स्टुलं, आणि त्यांवर पन्नाशीचे काका पाठीत वाकून बसलेले. २०२० पासून अशा ठिकाणी वाटेल तिथे सिगारेट ओढता येत नाही, पण स्टुलांच्या रेक्झिनला अजून १९८८ चा वास येतो. कोपऱ्यातल्या पडद्यावर एका निळ्या गुबगुबीत विमानाला हात होते, पाय होते आणि समोरच्या ढगातून पिवळी घंटा पडत होती.

"घंटा!" मी ओरडलो. बायकोने आधी आजूबाजूला कुणी मराठी आहे का ते पाहिलं.

तर, हा खेळ कोनामीने १९८५ मध्ये काढला. रूप बाळबोध आहे. पात्रांची नावं ठेवणाऱ्याला तर त्या दिवशी भूक लागली असावी. घरच्या मशीनवर जो अवतार आला, त्याच्या कथेत बेटाचं नाव डोनबुरी, म्हणजे भाताचा वाडगा. विमान बनवणारे शास्त्रज्ञ डॉ. सिनॅमन, म्हणजे आपली दालचिनी. खलनायक राजा स्पाइस. एवढा मसाला असूनही खेळ गोडच, त्यामुळे माणूस गाफील राहतो.

पण त्याचं पहिलं मशीन फारच लहरी होतं. खेळ साठवला होता चुंबकीय 'बबल मेमरी'त. वीज गेली तरी हिच्यातलं काही पुसलं जात नसे, पण थंडी मात्र तिला सोसायची नाही. सकाळी दुकान उघडून बटण दाबलं की खेळ सुरू व्हायचाच नाही. आधी मेमरी गरम व्हायची. तोवर पडद्यावर ९९ पासून उलटे आकडे आणि सोबत एक गोड धून. जपानी लोक तिला 'मॉर्निंग म्युझिक' म्हणतात, आणि पिकल्या केसांची माणसं आजही ती ऐकून हळवी होतात. माझे थोरले काका याच जातीचे. पहिला चहा पोटात जाईपर्यंत त्यांना स्वतःचं नाव आठवत नसे, पण एकदा गरम झाले की १९७१ च्या क्रिकेट दौऱ्याची धावसंख्या चेंडूगणिक. पुढे हा खेळ साध्या चिप्सवरही आला आणि आकडे मोजण्याचा तो सोहळा संपला.

आता गुणांचं पाहा. ढगाला गोळी मारली की घंटा बाहेर पडते आणि खाली यायला लागते. तिला गोळी मारली की ती टुणकन वर उडते. पिवळीच पकडली तर ५०० गुण. पुढची पकडली तर १,०००, मग २,५००, मग ५,०००, आणि मग प्रत्येकीचे १०,०००. पण एक जरी हातची सुटली की परत ५०० वर. लागोपाठ दहा पकडल्या तर ६९,००० होतात. पाच पकडून एक सोडली आणि पुन्हा पाच पकडल्या तर ३८,०००. घंटा दोन्हीकडे दहाच. हा हिशेब मी पावतीच्या मागे केला आणि मला मुदत ठेव मोडतानाचा बँकेतला तो प्रसंग आठवला.

इतकं सरळ असतं तर प्रश्नच नव्हता. घंटेला चार-पाच गोळ्या लागल्या की तिचा रंग बदलतो. निळी घेतली की विमानाचा वेग वाढतो. पांढरी घेतली की गोळ्या दुहेरी सुटतात. हिरवीने आपल्यामागे आपल्याच सावल्या फिरू लागतात, लालने अंगाभोवती कवच चढतं. आणि रंग आलेल्या घंटेला चुकून आणखी एक गोळी लागली तर ती पुन्हा पिवळी. सगळी मेहनत पाण्यात. तरीही मारतच राहिलात तर घंटेचा संयम संपतो, तिची मधमाशी होते आणि ती अंगावर धावून येते.

इथे माझ्या स्वभावाचा प्रश्न येतो. मी चहा दोनदा उकळतो. भाजीवाल्याने दहा रुपये कमी केले की कोथिंबीरही मागतो, आणि मग तो दहा रुपये परत वाढवतो. लिफ्ट येत असताना मी बटण पुन्हा दाबतो. अशा माणसापुढे हवेत लोंबणारी घंटा ठेवली आणि सांगितलं की बरोबर पाच मार, सहावी नको, तर काय होणार? त्यात जुन्या मशीनला इथले दुकानदार एक जादा बटण बसवून देतात. दाबून धरलं की गोळ्या आपोआप, धडाधड. तर्जनी दुखू नये म्हणून ही सोय. माकडाच्या हाती कोलीत. पहिली घंटा निळी झाली, पिवळी झाली, आणखी काहीतरी झाली आणि मी "अरे थांब थांब" म्हणत असतानाच माशी होऊन माझ्या नाकावर आदळली. शंभर येन गेले.

शेजारच्या स्टुलावर कापडी पिशवी मांडीवर घेतलेले एक काका होते. त्यांनी माझ्या पडद्याकडे पाहिलं आणि स्वतःशीच पुटपुटले, "मोत्ताइनाई."

या शब्दाला मराठीत नेमका पर्याय नाही. ताटात टाकलेल्या पोळीकडे पाहून आजी जो 'च्च' करायची, तो 'च्च' म्हणजे मोत्ताइनाई.

दुसऱ्या डावात मी निश्चय केला, फक्त निळ्या घ्यायच्या. एक घेतली, छान. दुसरी घेतली, आणखी छान. लग्नात जिलबी वाढणाऱ्याला नाही म्हणता येत नाही तशी तिसरी आणि चौथीही घेतली. आता काठी जराशी हलवली की विमान पडद्याच्या या टोकाहून त्या टोकाला जात होतं. वाटेत शत्रूंच्या गोळ्या होत्या, त्या मी स्वतःहून जाऊन खाल्ल्या. विमानाचे दोन्ही हात गळून पडले.

हात गेले की जमिनीवर बॉम्ब टाकता येत नाहीत, कारण बॉम्ब हाताने टाकायचे असतात. पण या खेळात माणुसकी आहे. दोन्ही हात गेले की आकाशातून चक्क अँब्युलन्स येते. तिला जाऊन भिडायचं, की हात परत. मला ती वरून येताना दिसली आणि मी काय केलं? मी बाजूला झालो. वाट दिली. हॉर्न वाजवणाऱ्यांच्या गर्दीतही अँब्युलन्सला वाट द्यावी हा माझ्यावर झालेला एकमेव नागरी संस्कार, तो नेमका तिथे उफाळून आला. अँब्युलन्स माझ्या शेजारून शांतपणे खाली निघून गेली आणि परत आली नाही. मी हाताविना कांद्यापर्यंत पोचलो आणि तिथे संपलो.

बायको मागे उभी राहून हसत होती. "मी बसू का?"

हा खेळ दोघांना एकत्र खेळता येतो. पहिल्याचं निळं विमान ट्विनबी, दुसऱ्याचं गुलाबी विनबी. दोघं शेजारी आली की एकमेकांचा हात धरतात आणि गोळीबार जोरदार होतो. मी तिला हे मोठ्या प्रेमाने समजावलं. ती म्हणाली, "आधी हात तर शाबूत ठेव."

तिने आयुष्यात गेम खेळलेला नाही. जादा बटण तिला दिसलंही नाही. ती एका बोटाने, मिक्सरचं बटण दाबल्यासारखी, मोजून गोळ्या मारत होती. ढग फुटला, घंटा पडली, तिने खाली जाऊन पकडली. रंगबिंग काही नाही. पुन्हा ढग, पुन्हा घंटा.

"अगं, रंग बदल ना! पांढरी कर, दोन-दोन गोळ्या सुटतील."

"पिवळी छान आहे की."

५००, १,०००, २,५००, ५,०००. दोन घंटा एकदम पडल्या तेव्हा तिने एकीला हलकेच एक गोळी मारून वर उडवलं, दुसरी पकडली, आणि मग वरून येणारीखाली जाऊन शांत उभी राहिली. कढईत एक पुरी फुगत असताना दुसरी लाटावी तसं. काकांनी स्वतःचा डाव वाऱ्यावर सोडला आणि स्टूल आमच्याकडे सरकवलं. १०,०००. परत १०,०००. "किइरो, किइरो," काका कुजबुजत होते. किइरो म्हणजे पिवळा. कुठल्याही सासऱ्याने सुनेचं एवढं कौतुक केलं नसेल.

मग तिची आठवी की नववी घंटा खाली येत होती आणि मला राहवलं नाही. मी मदत करायला गेलो. बोट त्या जादा बटणावर होतंच. घंटा वर उडाली, निळी झाली, पिवळी झाली, लाल झाली, आणि पडद्याच्या वरच्या काठाशी तिची माशी झाली.

माशी गुलाबी विमानावर आदळली. आधी कुणीच काही बोललं नाही. मग डावीकडून बायको आणि उजवीकडून काका एकदम म्हणाले, "मोत्ताइनाई." हा शब्द तिला येतो हे मला त्याच दिवशी कळलं.

काउंटरपाशी एक वही होती. अशी वही इथल्या जुन्या गेम सेंटरांत असते. कोण किती गुणांवर गेला, कुठे काय दडलंय, कुठला बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणारा मोठा शत्रू, कसा फसवायचा, हे येणारेजाणारे त्यात लिहून ठेवतात, चित्रंही काढतात. इंटरनेटच्या आधी गुपितं अशीच हातोहात फिरायची. बायकोने पेन घेतलं आणि आमच्या दोघांचे गुण एकाखाली एक लिहिले. तिचे सहा आकडी. माझ्यापुढे तिने मोठ्या अक्षरात, मराठीत, एकच शब्द लिहिला : घंटा.

महिनाभराने परत गेलो तेव्हा वहीत त्या शब्दाखाली कुणीतरी तो जसाच्या तसा तीनदा उतरवला होता. आधी अक्षरं, मग वरून पट्टीने ओढल्यासारखी सरळ शिरोरेघ. अनुस्वार प्रत्येक वेळी नीट गोल, आत पिवळा रंग भरलेला. मला इतकं भरून आलं की मी फोटो काढून लगेच आईला पाठवला.

तिचा फोन आला. "तिकडे जाऊनही हेच शिकवतोयस का लोकांना?"