वक्तशीर हृदय

गेली अठ्ठावीस वर्षं मी डोंबिवलीहून ८.१४ ची लोकल पकडतोय. आजवर ती दोनदाच चुकली आणि दोन्ही वेळा चूक लोकलची होती. स्वतःच्या लग्नात मी मंडपवाल्याच्याही आधी हजर होतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे झालेला अपमान केवढा मोठा ते लक्षात येईल.

अपमान केला घड्याळाने. ५३व्या वाढदिवसाला लेकीने स्मार्टवॉच दिलं. ते वेळही सांगतं, पण तो त्याचा जोडधंदा. रात्रभर मनगटाखाली हिरवा दिवा लावून ते झोपलेल्या माणसाची झडती घेतं आणि सकाळी चहाच्या आत निकाल लावतं. पहिल्याच सकाळी निकाल आला : एचआरव्ही २३. शेजारी लाल ठिपका.

२३ म्हणजे नापास, एवढं मला कळलं. "बाबा, ते मार्क नाहीत, मिलिसेकंद आहेत. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं, ते मोजतात," लेक म्हणाली. तिचे स्वतःचे ७४. वय २२, रात्री दोनला मॅगी, दुपारी बाराला उठणं, आणि तरी ७४!

आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझीच दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवायला लावली. "हळूच श्वास घ्या. हं... आता सोडा." घेताना ठोके जवळजवळ पडले, सोडताना लांबले. अगदी पुसट, पण बोटाला कळेल इतपत. मी घाबरून हात काढला.

"घाबरताय काय? हेच हवं," ते म्हणाले. "मिनिटाला ६० ठोके म्हणजे दर सेकंदाला एक, असं नसतं. एक ठोका ९८० मिलिसेकंदांनी येतो, पुढचा १०१० नी. श्वास सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाचा लगाम खेचते, घेताना सैल सोडते. वय वाढलं की या लगामाची चपळाई कमी होते आणि ठोके एकसारखे पडायला लागतात."

"म्हणजे माझं हृदय..."

"वक्तशीर झालंय."

आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द मला कोणी शिवीसारखा वापरला. आणि ही भानगड नवीनही नाही. कार्ल लुडविग नावाच्या जर्मन माणसाने श्वासाबरोबर नाडी कशी कमीजास्त होते, ते १८४७ सालीच नोंदवून ठेवलंय. पावणेदोनशे वर्षं मला कोणी बोललं नाही.

घरी हिला सांगितलं. हिचं वय ४९, आकडा ३९. आता हिचं 'पाच मिनिटांत आवरते' कधी बारा मिनिटांचं असतं, कधी पन्नासचं. मी आजवर याला बेशिस्त म्हणत होतो.

पुढच्या खेपेला ही सोबत आली. डॉक्टर खुलले. बायकांचे ठोके पुरुषांपेक्षा सरासरीने थोडे जलद, तरी श्वासाबरोबरचं हे झुलणं त्यांच्यात जास्त. चोवीस तासांचा एकूण चढउतार मोजला तर मात्र पुरुष थोडे पुढे. (हे वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.) आणि पन्नाशीच्या आसपास हा फरक पुसट होत जातो.

"म्हणजे मला यांच्यासारखं व्हायला एकच वर्ष उरलं?" ही म्हणाली आणि नासलेल्या दुधाकडे बघावं तशी माझ्याकडे बघत राहिली.

निघताना डॉक्टरांनी बजावलं : दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नका. एकाच वयाच्या धडधाकट माणसांतही दुपटीचा फरक सापडतो. आपलाच आकडा महिनाभर बघायचा. सल्ला उत्तम, पण त्यांनी आमच्या सोसायटीचा कट्टा पाहिलेला नाही. तिथे पूर्वी जेवणानंतरची शुगर जाहीर व्हायची, हल्ली एचआरव्ही होतो. हाफपँटमधले ६८ वर्षांचे काका रोज सहज सांगितल्यासारखं "आज एकतीस" म्हणतात आणि माझ्याकडे बघतात.

मग उपाय सुरू झाले. मिनिटाला सहा श्वास : पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर. घरात जमतं. लोकलमध्ये मात्र छाती फुगायला जी जागा लागते, ती आधीच कुणाच्या तरी बॅगेने धरलेली असते. रात्री साडेदहाला दिवे बंद करून बघितलं. आकडा २४. एकाने वाढला! दुसऱ्या दिवशी मेहुण्याचा फोन आला, पुन्हा २१.

मागच्या गुरुवारी हिचं घड्याळ बंद पडलं, म्हणून ही माझं मनगटावर चढवून झोपली. सकाळी माझ्या फोनवर हिरवा ठिपका. ४१. खाली अभिनंदन, आणि माझ्या वयाच्या पुरुषांत मी बराच वर असल्याचा दाखला.

चहा न घेताच कट्ट्यावर गेलो. फोन चौघांच्या हातून फिरला. काकांनी चष्मा लावून दोनदा बघितलं.

"काय खाता हो हल्ली?"

"वांग्याचं भरीत," मी म्हणालो.